पायरीवरची आई

आमच्या घरात शाळेची गोष्ट एका रुपयाच्या दंडापासून सुरू होते. आज्जा ती सांगायला बसला की आधी अंगठा आणि तर्जनी जोडून रुपयाचा आकार करून दाखवायचा. "चांदीचा, कलदार. म्हंजे काय चेष्टा हाय व्हय?" त्या रुपयात घरची आठवड्याची मीठमिरची भागायची, असं तो म्हणे. त्याच्या गोष्टीत शाहू महाराज स्वतः खडखड्यातून गावात येतात, आमच्या दारापुढे थांबतात आणि माझ्या खापरपणजोबांना विचारतात, "पोरगं कुठाय?" महाराज आमच्या दारात आले असतील असं मला वाटत नाही. चावडीवर दवंडी पिटली गेली असेल, मास्तर आणि पाटील दारोदार फिरले असतील. पण गोष्टीत महाराजांना दारापर्यंत आणल्याशिवाय आज्ज्याचं समाधान होत नसे, आणि मला ते आवडतं. गोरगरिबांच्या दारात शाळा आली ती त्याच माणसामुळे.

१९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत न धाडणाऱ्या आईबापांना महिना एक रुपया दंड. त्याआधी सहा वर्षं, १९११ मध्ये, नामदार गोखल्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानासाठी याच मागणीचं विधेयक कायदेमंडळात मांडलं होतं. सक्ती टप्प्याटप्प्याने आणा, एवढीच त्यांची विनवणी होती. पुढच्या वर्षी ते विधेयक पडलं. सयाजीरावांच्या बडोद्यात मात्र १८९३ पासून अमरेलीत आणि १९०६ पासून सगळ्या राज्यात सक्ती लागू झालेली होती. म्हणजे इंग्रजांच्या मुलखात जे होत नव्हतं, ते दोन मराठी राजे आपापल्या गावांत करून दाखवत होते. शाळेच्या इतिहासात ही ओळ ठळक अक्षरांत यायला हवी, असं मला फार वाटतं.

करवीर तालुक्यात, पंचगंगेच्या काठाला आमचं गाव. आज्ज्याचे वडील, ज्यांना सगळं घर आबा म्हणायचं, तेव्हा सात-आठ वर्षांचे होते. त्यांची कामं ठरलेली. सकाळी म्हशी सोडायच्या, नदीवर न्यायच्या, जोंधळा निसवला की माळ्यावर चढून गोफणीने पाखरं हाकायची. शाळेत गेलेलं पोर म्हणजे घरातला एक कामाचा हात गेला आणि न गेलेलं पोर म्हणजे महिन्याला एक रुपया गेला. माझ्या खापरपणजीने यातला कुठला हिशोब मनात केला, कुणास ठाऊक. ती लिहिणारी नव्हती, आणि तिचं बोलणं गोष्टीतून गळून गेलंय. शिल्लक राहिलं आहे ते तिने काय केलं एवढंच.

पहिल्या दिवशी आबा कडब्याच्या गंजीत लपले. शाळा मारुतीच्या देवळात भरायची. मास्तरांनी चार थोराड पोरं पाठवली. दोघांनी हात धरले, दोघांनी पाय, आणि आबांची उचलबांगडी करून वरात देवळाकडे निघाली. सक्तीच्या कायद्याच्या कितीतरी आधीपासूनची ही रीत. पंतोजींच्या गावठी शाळेत पोर आलं नाही की पोरंच पाठवून ते उचलून आणायचे. तिथे पाटीवर धूळ पसरून बोटाने अक्षरं गिरवायची, हात बसला की मग बोरू. संध्याकाळी परवचा. चुकलं की अंगठे धरायचे, नाहीतर छडी. पंतोजींना वर्षाकाठी धान्य मिळायचं, शिधा मिळायचा, आणि आपण करतो त्यात काही वावगं आहे असं ना त्यांना वाटे ना गावाला. पोर रडतंय, लाथा झाडतंय, आणि रस्त्यावरची माणसं हसतायत. शाळेचा पहिला दिवस म्हटला की हेच चित्र आमच्या कितीतरी पिढ्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहतं.

आज्ज्याच्या गोष्टीत इथे सगळे हसायचे. पण गोष्ट अजून संपलेली नसायची. त्या वरातीच्या मागून खापरपणजी चालत आली. पोरं देवळात शिरली, तशी ती पायरीवर बसली. मास्तरांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा आपलं काम सुरू केलं. दुसऱ्या दिवशी ती सूप घेऊन आली. सुपात तूर. वर्ग भरलेला असायचा, ही तूर निवडायची आणि खांबाआडून आबा दर घटकेला मान वळवून बघायचे, आई आहे ना. किती दिवस हे चाललं ते आज्जा दर वेळी वेगळं सांगायचा. एका दिवशी आबांनी मान वळवली नाही. मग ती सूप उचलून मळ्यात निघून गेली. आबा मराठी चौथी झाले. गावातली निम्मी पत्रं पुढे त्यांच्याकडून लिहून घेतली जायची आणि श्रावणात पोथी वाचायला त्यांनाच बोलावणं यायचं.

लहानपणी मला या गोष्टीतली गंज आवडायची. मुलगी झाली आणि माझं लक्ष त्या पायरीकडे गेलं.

माझी मुलगी साडेतीन वर्षांची असताना पुण्यातल्या एका शाळेच्या छोट्या गटात जाऊ लागली. जून होता, पाऊस नुकता धरला होता. शाळेचा नियम होता की पालकांनी फाटकाच्या आत यायचं नाही. मूल फाटकात द्यायचं, मावशी घेतील, फाटक बंद होईल. "थोडे दिवस रडतात, मग होते सवय," असं ऑफिसातून सांगितलं होतं, आणि सांगणाऱ्या बाईंचा स्वर वाईट नव्हता. दरवर्षी हेच पाहून त्यांचं मन सरावलं असावं. मुलीने माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरलेलं. मावशींनी एकेक बोट सोडवलं. ओल्या रेनकोटात तिचा चेहरा अर्धाच दिसत होता.

समोरच्या फुटपाथवर पावसाळ्यासाठी बंद केलेल्या रसवंतीचं पत्र्याचं छप्पर होतं. सगळे पालक तिथे उभे. ऑफिसला उशीर होत असलेले, पण पाय न निघणारे. एक तरुण बाप टेम्पोच्या आड उभा राहून खिडकीकडे बघत होता. आपण दिसलो तर पोर पुन्हा सुरू होईल म्हणून त्याने छत्रीही उघडली नव्हती. आतून रडण्याचा एकच मोठा आवाज येत होता, आणि त्यातला आपला कुठला हे तिथल्या प्रत्येकाला बरोबर कळत होतं. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. तिथे मला खापरपणजी आठवली. तिला अक्षर येत नव्हतं, तिच्या डोक्यावर दंडाची तलवार होती, तिच्या गावात शाळेला भिंतसुद्धा नव्हती. तरी तिला बसायला पायरी होती. आम्ही फी भरलेले, शिकलेले आईबाप रस्त्यापलीकडे पत्र्याखाली उभे होतो.

यावर काय करायचं ते मला माझ्या सासूबाईंनी शिकवलं. त्या मूळच्या चिंचणीच्या, डहाणू तालुक्यातल्या. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, लग्नाआधी, त्यांनी कोसबाडला बालवाडीचं शिक्षण घेतलं. त्या फारशा बोलत नाहीत, पण कोसबाड म्हटलं की त्यांचा चेहरा पालटतो.

कोसबाडची कथा बोर्डीपासून सुरू होते. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम करून आलेल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ निघाला, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार. मॉन्टेसरीच्या पद्धतीने शहरातल्या मुलांचं चांगलं चाललं होतं. पण खेड्यातल्या गरिबाच्या मुलाचं काय, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. १९४५ च्या डिसेंबरात त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. सोबत अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य, तिथून शिकून पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिका झालेल्या अनुताई. ऐन पस्तिशीत त्यांनी शहर सोडलं ते कायमचं.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण हरिजनवाड्यातली मुलं काही येईनात. इथे पंतोजींनी चार थोराड पोरं पाठवली असती. ताराबाई आणि अनुताई स्वतः उठून वाड्यात गेल्या. मुलांच्याच अंगणात बसून बालवाडी भरवू लागल्या. अंगणवाडीची कल्पना आणि नाव तिथलं. मुलांना आंघोळ घालायची, नखं कापायची, केस विंचरायचे, गाणी म्हणायची, आणि हे सगळं आईच्या डोळ्यांपुढे. मॉन्टेसरीची महागडी साधनं तिथे परवडणार कशी? मग समुद्रावरचे शिंपले, चिंचोके, पानं, बांबूच्या कांड्या, माती यांतून साधनं केली. पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली पाड्यांमध्ये. गुरं राखणारी मुलं शाळेत येऊ शकत नाहीत हे दिसलं तेव्हा गुरं चरतात तिथेच शाळा नेली. तिला कुरणशाळा म्हणत. आबांना म्हशींवरून उचलून आणलं होतं. कोसबाडला शाळाच म्हशींपाशी गेली.

सासूबाई सांगतात, शिकाऊ मुलींचं सकाळचं पहिलं काम पाड्यावर जाण्याचं. "आम्हाला बघून मुलं पळायची गं. मग आम्ही त्यांच्यामागे पळायचं नाही. अंगणात बसायचं. त्याची आई जे काम करत असेल ते हातात घ्यायचं. ती भात पाखडत असेल तर आपण पाखडायचं. थोड्या वेळाने मूल आपणच जवळ येतं, ही कोण आपल्या आईचं काम करतेय ते बघायला. आलं की बोलायचं नाही. त्याच्या हातात एक शिंपला द्यायचा." मी विचारलं, आणि आई? आयांना कधी घरी पाठवायचात? त्यांना प्रश्नच कळला नाही. म्हणाल्या, "त्यांच्याच अंगणात त्यांना कुठे पाठवणार?"

कोसबाडची आणखी एक गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. बालवाडीत येणाऱ्या मुलीच्या कडेवर धाकटं भावंड असायचं. थोरल्या मुलीला शिकवायचं तर त्या भावंडाची सोय हवी. म्हणून तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात जोडली गेली. तिला विकासवाडी नाव दिलं.

हे मला इतकं मोलाचं वाटतं ते माझ्या आज्जीमुळे. आज्जी आमच्याच गावची, सक्तीच्या कायद्यानंतर पंधरा-सोळा वर्षांनी जन्मलेली. शाळेला तोवर इमारत झाली होती. ती कडेवर भावाला घेऊन शाळेत जायची, कारण आई शेतावर. एके दिवशी भाऊ रडला, मास्तर म्हणाले, पोराला घरी ठेवून ये. घरी कुणी नव्हतं. ती खिडकीखाली बसू लागली. आतून उजळणीचा घोष यायचा. पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी, अडीचकी, सगळं तिने त्या खिडकीखाली ऐकून पाठ केलं. बाजारात तिचा हिशोब दुकानदाराच्या आधी व्हायचा. पण अक्षरं फळ्यावर होती आणि फळा खिडकीखालून दिसत नव्हता. आज्जीला शेवटपर्यंत वाचता आलं नाही.

माझ्या लग्नात ती आणि सासूबाई शेजारी बसल्या होत्या. सासूबाईंनी तिला कोसबाडच्या पाळणाघराचं सांगितलं. आज्जी ऐकत राहिली. मग म्हणाली, "आमच्या गावात आसतं तर मी पेपर वाचला आसता." एवढंच म्हणाली. हे मी विसरू शकत नाही, आणि विसरू नये असं मला वाटतं. शाळेच्या दारातून परत गेलेल्या मुलांची नोंद कुठल्याच हजेरीपटावर नसते.

माझ्या वडिलांच्या वेळेपर्यंत दंडाची भीती सरली होती. तेव्हाची परीक्षा वेगळी. आज्ज्याने त्यांना शाळेत नेलं, तेव्हा जन्मतारीख कुणालाच ठाऊक नव्हती. मोठा पूर आला त्या साली, एवढं नक्की. मास्तर म्हणाले, उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धर. बोटं कानाला लागली. "सहा झाली," म्हणत मास्तरांनी जन्मतारीख १ जून टाकली. महाराष्ट्रातल्या त्या पिढीतल्या असंख्य माणसांचा वाढदिवस असा १ जूनला येतो आणि सरकारी कचेऱ्यांत दरवर्षी ३१ मे रोजी निवृत्तीच्या निरोपसमारंभांची गर्दी होते ती यामुळेच. आज कागदोपत्री पाहिलं तर ही पद्धत ढोबळच. पण मास्तर निदान त्या मुलाकडे बघत होते. त्याचा हात किती वाढलाय, तो किती उभा राहतो, हाक मारली की येतो का. आता अर्जातल्या तारखेत महिना कमी पडला की पालक कासावीस होतात, आणि मुलाची तयारी झाली आहे का हे कुणी विचारत नाही.

तीन ते सहा या वयाबद्दल कायदासुद्धा हात आखडता घेतो. २००९ चा शिक्षणहक्क कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला, सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्याआधीच्या वयासाठी सरकारने व्यवस्था करावी, एवढंच त्यात म्हटलंय. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा एक सलग टप्पा मानला, हे चांगलं झालं. पण मूल सगळ्यांत जास्त रडतं त्या वयात त्याच्या बाजूने बोलणारा ठोस कायदा अजून नाही. आहे ती अंगणवाडी. बोर्डीच्या अंगणातलं ते नाव घेऊन २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांनी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि आज अंगणवाडी भारतभर आहे. तिथल्या ताईंना पगार नाही, मानधन मिळतं. गावातल्या प्रत्येक मुलाचं नाव, वजन आणि आजार ज्यांना तोंडपाठ असतो, त्यांना आपण अजून नोकरदारही मानत नाही, ही शरमेची गोष्ट आहे.

जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत आता पहिल्या दिवशी प्रवेशोत्सव होतो. बैलगाडीतून मिरवणूक, हातात फूल, नवी पुस्तकं, कुठे कागदावर कुंकवाच्या पावलांचे ठसे. मी गावाला एकदा तो पाहिला आणि माझे डोळे भरून आले. ज्या गल्लीतून आबांना हातपाय धरून नेलं, तिथून पोरं लेझमीच्या तालावर चालली होती. पण मिरवणूक एका दिवसाची असते. मुलाला घरची खरी आठवण येते ती दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या दिवशी, जेव्हा फूल नसतं आणि दार लागलेलं असतं.

माझ्या मुलीचं काय झालं? सासूबाई एका सकाळी माझ्याबरोबर आल्या. वर्गावरच्या बाईंशी त्या फाटकापाशीच शांतपणे बोलल्या. मी लांब उभी होते, मला ऐकू आलं नाही. त्या बाई तरुण होत्या, एका वेळी वर्गभर रडणारी मुलं सांभाळून दमलेल्या. त्यांनी व्हरांड्यातला एक बाक दाखवला. सासूबाई बसल्या. मुलगी आधी त्यांच्या मांडीवर, मग बाकापाशी उभी, मग वर्गाच्या दारात, मग दाराच्या आत. मध्येच येऊन हात लावून जायची. काही दिवसांनी सासूबाईंनी तिला सांगितलं, "आता मी घरी जाते, वरणभात लावते, तुझा डबा संपला की आई येईल." न सांगता उठून गेल्या नाहीत. मुलगी रडली, पण तिला कळलं होतं की कोण कुठे गेलंय आणि कोण येणार आहे. गणपतीपर्यंत ती फाटकातून आमच्याकडे न बघता आत पळू लागली. त्या बाईंनी नंतर इतर दोन आज्यांनाही त्या बाकावर बसू दिलं. शाळेचा नियम मात्र बदलला नाही.

सक्ती चुकीची होती असं मी कधीच म्हणणार नाही. तो रुपया नसता तर आबा गंजीतच राहिले असते आणि आज हे लिहायला मी नसते. शाहू महाराजांनी मुलांना दारापर्यंत आणलं. दारातून आत जायला मुलाला जो वेळ लागतो, तो देणं हे आपलं काम आहे. त्याला पैसा लागत नाही, इमारत लागत नाही, धोरण लागत नाही.

म्हणून ज्यांच्या हाती शाळेचं फाटक आहे त्या मुख्याध्यापकांना, संस्थाचालकांना माझी हात जोडून विनंती आहे. येत्या जूनमध्ये पहिले पंधरा दिवस आईला, बापाला, आजीला आत बसू द्या. व्हरांड्यात एक बाक ठेवा. आणि पालकांनो, मुलाची पाठ वळली म्हणून गुपचूप निघून जाऊ नका. त्याला सांगा की जातोय, कधी येणार ते सांगा, आणि सांगितलेल्या वेळी या.